मदत हवी आहे: वाईजवळच्या जुन्या वाड्याचा काळ कसा ठरवावा?

कृष्णाकाठ: आमचा वडिलोपार्जित वाडा पेशवेकालीन असल्याचे घरात सगळे सांगत आले आहेत. चुलत भावंडे तो पाडायला निघाली असून, पेशवाईतला असल्याचे सिद्ध झाले तरच थांबू म्हणतात. सोमवारी बैठक आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

चुनखडी: चौक किती, भिंती कशाच्या, वर माळवद (मातीचे सपाट छप्पर) आहे की कौले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नुसत्या 'वाडा' या शब्दावरून काळ कसा सांगणार?

कृष्णाकाठ: एकच चौक. जोते घडीव दगडाचे, भिंती पांढऱ्या मातीच्या, ओसरीला सागवानी खांब आणि वर अर्थातच मंगलोरी कौले.

हिशेबनीस: मग प्रश्न मिटला. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, म्हणजे वाडा त्यानंतरचाच.

चुनखडी: कौलांवरून छपराचे वय कळते, घराचे नव्हे. आमच्याच घरी आजोबांनी गळके माळवद उतरवून कौले घातली; खालचे सुरूदार (सुरूच्या झाडासारख्या घडणीचे) खांब आणि त्यांच्या महिरपी आहेत तशाच राहिल्या.

घाटवाला: वाईला जाताच आहात तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा अवश्य पाहावा. मागच्या घाटावर टांगलेली पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतील असल्याचे सांगतात.

हिशेबनीस: घंटेविषयी कोणी विचारलेले नाही.

गिलावा: मातीच्या भिंतींना सिमेंट मात्र लावू नका. ओल आतच कोंडते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजतात. चुन्याचाच गिलावा करावा.

कृष्णाकाठ: वाडा राहतो की जातो हेच ठरलेले नसताना गिलाव्याचे काय घेऊन बसलात? देवघराच्या गणेशपट्टीवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, 'शके १७५६' कोरले आहे, त्याचा काही उपयोग होईल का? ते पूजेसंबंधी असावे असे वाटल्याने लिहिले नव्हते.

हिशेबनीस: हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! त्यात ७८ मिळवा. १८३४ साल येते. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती.

चुनखडी: ते साल त्या चौकटीचे. जुन्या घरात देवघर मागाहून सजवले गेल्याचे मी पाहिले आहे, तेव्हा पट्टी आणि ओसरीचे खांब एकाच हातचे वाटतात का, ते कोरीव काम शेजारी धरून पाहा. शिवाय घराणे इनामदार असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरात (पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांत) नोंद सापडू शकते. घरात मोडी कागद आहेत का?

कृष्णाकाठ: बळदाशेजारच्या (धान्याच्या कोठाराशेजारच्या) पेटीत एक गाठोडे आहे खरे, पण ते मोडीत असल्याने कोणी सोडलेलेच नाही. सोमवारच्या आत वाचून देणारे कोणी आहे का?