उत्क्रांती, स्त्रीची लैंगिकता आणि संशोधकांचे पूर्वग्रह: काय वाचू?

गोदाकाठची_मृणाल: नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमचा बायकांचा वाचनगट आहे. पुढच्या बैठकीत मला या विषयावर बोलायचंय. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा 'नर उतावीळ, मादी लाजरी' असंच शिकवलं होतं. गटात साठीच्या मावशीही आहेत, त्यामुळे सोपं पण पक्कं हवंय. सुरुवात कुठून करू?

सिडकोवाला_मास्तर: मृणालताई, जनुकशास्त्रज्ञ बेटमनपासून करा. १९४८ साली त्याने फळमाश्यांवर प्रयोग केला आणि 'जास्त जोडीदारांचा फायदा नरालाच' हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पिल्लांचे आईबाप ओळखायला त्याने उत्परिवर्तनं, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जनुकीय बदल, वापरली होती. पण आई आणि बाप दोघांकडून एकेक उत्परिवर्तन आलेली पिल्लं मोजणीआधीच जास्त मरत होती. त्याच्या आकड्यांत बापांच्या नावावर आयांपेक्षा जास्त पिल्लं आहेत! प्रत्येक पिल्लाला एक आई, एक बाप. मग हे कसं? म्हणजे मोजणीतच गडबड. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोग पुन्हा करून हे दाखवलं. इतकी वर्षं फारसं कुणाला खटकलं नाही, बहुधा निष्कर्ष बहुतेकांना आधीच पटलेला होता म्हणून. बैठकीत हाच मुद्दा ठासून मांडा.

वाचनवेडी_नाशिक: मी मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी सुचवेन. माउंट अबूच्या वानरांवरचं काम, म्हणजे मावशींनाही प्राणी ओळखीचा. टोळीतली मादी बाहेरच्या नरांशीही संग करते, गाभण असतानासुद्धा. टोळीचा ताबा घेणारा नवा नर पिल्लं मारतो; बाप कोण याचा घोळ राहिला तर पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते, असं हर्डींचं म्हणणं. मादी इथे स्वतः डाव खेळते. 'द वुमन दॅट नेव्हर इव्हॉल्व्ह्ड' (१९८१) मिळवाच.

सिडकोवाला_मास्तर: आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञ एलिझाबेथ लॉइड यांचं २००५ चं पुस्तक. स्त्रीचा ऑरगॅझम (लैंगिक सुखाचा परमोच्च क्षण) उत्क्रांतीत का आला, यावरचे २१ सिद्धांत त्यांनी तपासले. बहुतेकांनी धरून चाललंय की संभोगात तो हमखास येतो. सर्वेक्षणं तसं सांगत नाहीत.

वाचनवेडी_नाशिक: लॉइड जरूर वाचा, पण त्यांचा स्वतःचा निष्कर्ष, म्हणजे ऑरगॅझम हा निव्वळ उपउत्पादन आहे, त्याचा स्वतःचा उत्क्रांतीत काही फायदा नाही, हा मला पटत नाही. त्यांची टीका घ्या, निष्कर्षावर गटात वाद होऊ द्या.

गोदाकाठची_मृणाल: खूप आभार! माश्या आणि वानरं नक्की. लॉइडचं मावशींसमोर कसं बोलायचं?

वाचनवेडी_नाशिक: सरळ बोला. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.