कापडच सेन्सर: थोडी भर

अंगावरच्या सेन्सरची सुरुवात मनगटी पट्ट्यांपासून झाली, असं बऱ्याचदा म्हटलं जातं; त्यात ही थोडी भर. त्या पट्ट्यांच्या बरंच आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठात सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने अमेरिकी नौदलाच्या निधीतून 'स्मार्ट शर्ट'वर काम सुरू केलं. सैनिकाला गोळी नेमकी कुठे लागली हे वैद्यकीय पथकाला तत्काळ कळावं, हा हेतू.

त्यासाठी शर्टाच्या विणीतच प्लॅस्टिकचा ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा बारीक धागा, गोवला होता. एका टोकाकडून सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचला नाही तर धागा तुटला, म्हणजे कापड भेदलं गेलं. आणि तुटल्या जागेवरून परतणाऱ्या संदेशावरून ठिकाण कळणार. नाडी, श्वास, तापमान यांचे सेन्सर वेगळे, हवे तिथे जोडायचे नि काढायचे. मला हीच कल्पना सगळ्यात मोलाची वाटते, कारण कापड धुवावं लागतं!

पुढे झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांसाठीही याच पद्धतीचं झबलं करण्याचा विचार झाला. आपल्याकडे कमी वजनाच्या नवजातांसाठी असं कापड स्वस्तात विणलं जावं असं फार वाटतं. इचलकरंजी किंवा भिवंडीत कुणी असे प्रयोग करत असेल तर जरूर लिहा.