'रिट्रेंचमेंट'ला मराठीत एकच शब्द पुरेल का?

उद्यमबागकर
2014 साली माझ्या मेहुण्याला इथल्याच, बेळगावातल्या एका फाउंड्रीतनं (ओतकामाच्या कारखान्यातनं) कमी केलं. पत्र इंग्रजीत, त्यात 'रिट्रेंचमेंट' हा शब्द. माझी मुलगी तेव्हा बीकॉमला होती. तिनं पुस्तक काढून सांगितलं, "मामा, म्हणजे खर्चकपात. कंपनीची स्ट्रॅटेजी असते ती." मुलगी चुकीचं सांगत नव्हती, तिच्या पुस्तकात तसंच होतं. मेहुण्यानं फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर, सही करून टाकली. मोल्डिंगची काळी वाळू त्याच्या बोटांच्या भेगांत इतकी मुरलेली, की कागदावर अंगठ्याचा डाग उठला. अकरा वर्षांची नोकरी. वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार धरून 165 दिवसांची भरपाई त्याला मिळायला हवी होती, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.
माझं म्हणणं एवढंच, की माणसाला कमी करताना 'कामगार कपात' असंच लिहावं. 'खर्चकपात', 'पुनर्रचना' नको. 'छाटणी' तर नकोच. छाटतात ती झाडाची फांदी.

येळ्ळूरवाला
दादा, तुमच्या घरचं दुःख समजतं, पण शब्दाचे तुकडे करू नका. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कापून टाकणं. लष्करात तटाला खिंडार पडलं की आतल्या बाजूला नवा चर खणून मातीचा बांध घालत आणि त्याच्या आडून लढत, तीही रिट्रेंचमेंट. 1968 साली ब्रिटननं सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य मागे घ्यायचं जाहीर केलं, त्यालाही अभ्यासक हाच शब्द लावतात. 1922 साली इंग्रज सरकारनं लॉर्ड इंचकेप यांची रिट्रेंचमेंट कमिटी नेमली ती सरकारी खर्चाला कात्री लावायला. सगळीकडे भाव एकच: थोडं सोडायचं, उरलेलं राखायचं. आपल्याकडं 'आवरतं घेणं' आहे की! राजहंसगडाच्या किल्ल्यापासून कारखान्यापर्यंत चालेल.

उद्यमबागकर
आवरतं घेतो तो आत राहतो. तुमच्या त्या बांधाच्या बाहेर जो राहिला, त्याला काय म्हणायचं? मला त्याच्यासाठी शब्द पाहिजे.

खानापूरची वकील
कोर्टातही या अर्थावर बरीच वर्षं वाद झालाय. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या म्हणत होती, शिक्षा म्हणून काढलेलं सोडून 'कोणत्याही कारणास्तव' मालकानं नोकरी संपवणं. स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानं निवृत्ती यात येत नाही. सुप्रीम कोर्टानं 1956 मध्ये अर्थ आखडता घेतला: जास्तीचे कामगार कमी केले तरच कपात. 1976 मध्ये एका तात्पुरत्या बँक कर्मचाऱ्याच्या खटल्यात तो रुंद केला आणि 1990 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तोच कायम केला. म्हणजे 'खर्च वाचवायला' हे कारण पत्रात नसलं तरी हक्क जात नाही.
महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, भरपाई, शेवटी आलेला आधी जाणार, पुन्हा भरती निघाली तर जुन्याला आधी बोलावणं, हे सगळं त्या एका शब्दाला बांधलेलं आहे. त्या कायद्याची जागा आता घेतलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे. मात्र सरकारची आधी परवानगी घ्यायची अट 100 कामगारांवरून 300 वर नेली. आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्र्या त्याच्या खालीच राहतात.
'आवरतं घेणं'वर कुठलाच दावा लागत नाही. म्हणून मी उद्यमबागकरांच्या बाजूची.

मशीनशॉपवाला
माझ्याकडं चौदा माणसं. पुण्याच्या ऑर्डरी थांबल्या की एक लेथ बंद ठेवावी लागते, तेव्हा मीही आवरतंच घेतो. स्ट्रॅटेजी हा शब्द मालकानं तोंड लपवायला काढलेला नाही. जुनं मशीन विकणं, तोट्याचं काम सोडणं, हेही रिट्रेंचमेंटच, आणि त्यात कधी कुणाचीच नोकरी जात नाही. सगळ्याला 'कामगार कपात' म्हणालात तर ते चुकीचंच होईल.

उद्यमबागकर
मशीन विकताना खुशाल खर्चकपात म्हणा. माणसाच्या हातात पत्र देताना तेवढा एक शब्द बदला.

निपाणीकर
मला भाषेचं बोलायचंय. आमच्याकडं नोटिसा येतात इंग्रजीत, नाहीतर कन्नडात. विड्या वळणाऱ्या बाईला कुठला मराठी शब्द योग्य, हा वाद तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिला कळेल अशा भाषेत चार ओळी खाली जोडायला काय जातं?

मशीनशॉपवाला
हे मान्य. मी जोडीन. शब्द 'कामगार कपात'च घालीन, पण भरपाईचा आकडाही त्याच कागदावर लिहीन.

खानापूरची वकील
आकडा लिहाच. आणि कामगाराला तो कागद वाचायला एक रात्र घरी न्यायला द्या.