हंटिंग्टन्सवर इलाज सापडला, खरंय का?

सासऱ्यांना ६ वर्षांपासून हंटिंग्टन्स (मेंदूचा आनुवंशिक आजार) आहे, हातपाय सारखे हलतात, चिडचिड तर विचारूच नका. काल व्हॉट्सॲपवर आलं की नवीन औषधाने ७५ टक्के बरं होतं, कुणाला माहितीये का? मिस्टरांनी टेस्ट केलेली नाही अजून.

> बरं होत नाही हो ताई, आजार वाढायचा वेग ७५ टक्क्यांनी कमी दिसला. यूनिक्योर कंपनीची एएमटी-१३० जीन थेरपी, आकडे सप्टेंबर २०२५ चे, पण जास्त डोस घेऊन ३ वर्षं झालेले पेशंट फक्त १२ आणि औषध मेंदूचं तासन्‌तास ऑपरेशन करून सोडतात. गोळी नाहीये ती.

> २०२१ मधे रोश कंपनीने ट्रायलमधे टोमिनर्सेन या हंटिंग्टन्सवरच्या औषधाचे डोस थांबवले तेव्हा आम्ही आईसाठी त्याच्यावरच आशा लावून बसलेलो, म्हणून सांगतो फॉरवर्ड सोडा, एचडीबझ ही वेबसाइट वाचा, शास्त्रज्ञच सोप्या भाषेत लिहितात (इंग्लिशमधे आहे, पण जमतं). मिस्टरांना वडिलांकडून हा आजार यायचा चान्स ५० टक्के, पण टेस्टची घाई नको, आधी जेनेटिक काउन्सेलिंग.

> +१ आणि ट्रायलमधे घेतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा

थँक्यू सगळ्यांना, मिस्टरांना वाचायला देते