गणपतीच्या आमंत्रणांचा शाईराडा

ए-२०३ वहिनी: [फोटो] हे बघा. २४ घरांची आमंत्रणं हातानं करते, असं मीटिंगमध्ये मीच बोलून बसले. ६ कार्डं वाया गेली. कोयऱ्या झकास उठल्यात, पण निळी शाई पुढंमागं सगळीकडं फासलीय. कुणाला कळतंय का काय चुकलं?

बी-३०३: वहिनी, आमंत्रण गणपतीचं आहे का रंगपंचमीचं? 😂

सी-४०४ मावशी: त्याचं काय ऐकू नकोस गं. पण तू छापतेस का दाबतेस? काल मी आलतो तवा नुसतं हँडल फिरवत होतीस. उसाचा चरकच जणू.

ए-२०३ वहिनी: दोन्ही एकदम, मावशी. प्लास्टिकचा एम्बॉसिंग फोल्डर असतोय, वहीगत उघडतो. एका पानावर कोयऱ्या वर आलेल्या, समोरच्या पानावर त्याच खोल गेलेल्या. मधे कार्ड घालून चरकातनं काढलं की नक्षी उठते. त्याआधी फोल्डरच्या आत शाई लावायची, म्हणजे रंगही त्याच फेरीत.

ए-१०२: ताई, शाई कुठल्या पानाला लावली?

ए-२०३ वहिनी: दोन्ही 🙈

बी-१०१ नाना: तिथंच घोळ झाला बघ. आयुष्य छापखान्यात ट्रेडल मशीनवर गेलं माझं, म्हणून सांगतो. उठावाच्या पानाला शाई लावलीस तर फक्त कोयरी रंगणार आणि कागदात दबलेली दिसणार, अगदी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, छपाईसारखी. खोल पानाला लावलीस तर खड्डा कोरडा राहतो, भोवतीची सपाट जागा रंगते आणि कोयरी पांढरीच वर येते. एकच पान धर, दुसरं पुसून कोरडं ठेव. पॅड थेट घासू नकोस. रबरी रूळ पॅडवर फिरव, मग पानावर हलक्या हातानं. जोर दिलास की शाई खड्ड्यात उतरली.
आणि कार्ड चकचकीत दिसतंय. लग्नपत्रिकेचं उरलेलं का?

ए-२०३ वहिनी: हो नाना, दिरांच्या लग्नातलं.

बी-१०१ नाना: मग शाई मुरणार कुठं? वरच तरंगणार. साधं मॅट घे, जाडीला २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास.

बी-३०३: मी संध्याकाळी महाद्वार रोडला चाललोय, आणतो.

ए-१०२: ऑफिसच्या शिक्क्याचं पॅड चालेल का?

ए-२०३ वहिनी: नको गं, बघितलं करून. प्लास्टिकवर पाण्यासारखे थेंब होतात. पिगमेंटच्या शाईचं पॅड दाट असतं, लवकर सुकतही नाही. फक्त फोल्डर लगेच ओल्या फडक्यानं पुसावा लागतो.

बी-१०१ नाना: गंमत बघा. आमच्या वेळी कागदाच्या पाठीला खिळ्यांचा दाब उमटला की मालक शिव्या घालायचा. खिळे झिजतात! शाई नुसती टेकली पाहिजे, कागदाला कळता कामा नये. आता तोच खड्डा तुम्ही हौसेनं पाडताय.

सी-४०४ मावशी: पण नक्षी टिकंल का? गळ्यातल्या कोल्हापुरी साजाच्या पानांत लाख भरतात म्हणून ती दबत नाहीत. कागदात काय भरणार?

बी-१०१ नाना: बरोबर बोललीस. ढीग करून वर वजन ठेवायचं नाही. सुटी सुटी पंख्याखाली ठेव, या पावसात पापडसुद्धा वाळंना.

रात्री ९:४०
ए-२०३ वहिनी: [फोटो] खोल पानाला शाई, रूळ, मॅट कार्ड. कसं वाटतंय?

बी-३०३: नाद खुळा!!

ए-१०२: पांढऱ्या कोयऱ्या कसल्या उठून दिसतायत! पण कडेला रेघ कसली?

ए-२०३ वहिनी: फोल्डरच्या काठाची. कार्ड थोडं मोठं पडलं. उद्या अर्धा सेंटिमीटर कापून घेते.

सी-४०४ मावशी: छान झालंय गं. पण मजकूर कुठं लिहिणार? आत उघडलं तर उलट्या कोयऱ्याच कोयऱ्या.

ए-२०३ वहिनी: अगं बाई, खरंच की.

बी-१०१ नाना: आतनं दुसरा पातळ कागद चिकटव, त्यावर लिही. कडेलाच डिंक लाव, मधे दाबलंस तर कोयऱ्या बसतील.

सी-४०४ मावशी: डिंक माझ्याकडं हाय, सकाळी घेऊन येतो.

बी-३०३: आणि ती ६ वाया गेलेली टाकू नका वहिनी. वर्गणीच्या पावतीपुस्तकाला पुठ्ठा पाहिजेच होता.