खरेदीखतात ‘मेसेज’ विकायला निघालेत, काय करू?

दस्तवाला_सातारा:
दुय्यम निबंधक कार्यालयासमोर आमचं टायपिंगचं दुकान आहे. मराठी दस्तांचा त्रास नाही, पण इंग्रजी मसुदा आला की डोकं उठतं. प्रत्येक वकिलाचा एक जुना नमुना, त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. जमिनीबरोबर चुकाही वारसाहक्काने येतात.

परवाच्या खरेदीखतात विकणारा घेणाऱ्याला ‘सर्व मेसेज, अंगणं, विहिरी’ देतोय! मूळ शब्द मेस्वेज, म्हणजे घर आणि भोवतीचं आवार. स्पेलिंगमधला दोन एसनंतरचा ‘यू’ गळला की मेसेज. कॉम्प्युटरचं ऐकलं तर मसाजसुद्धा होतो. त्याच मसुद्यात ‘बाय धीज प्रेझेंट्स’चं ‘प्रेझेन्स’ झालंय. ‘विटनेसेथ’खाली लाल रेघ दिसली म्हणून आमच्या पोराने ‘विटनेस्ड’ करून टाकलं.

वकीलसाहेबांचं एकच पालुपद, नमुन्याला हात लावू नका. यातलं खरंच चुकीचं काय आणि नुसतं जुनं काय?

जुना_काळाकोट:
प्रेझेंट्स म्हणजे हा दस्तच. ‘या लेखाने सर्वांस कळावे’ असं ते आहे. प्रेझेन्स ही निव्वळ चूक. विटनेसेथ मात्र परत आणा. आज क्रियापदाला ‘एस’ लागतो तिथे पूर्वी ‘एथ’ लागायचा, एवढंच. विटनेस्ड केलंत की वर्तमानाचा भूतकाळ होतो.

आणि ‘सीज्ड अँड पझेस्ड’ दिसलं तर जप्ती आली म्हणून घाबरू नका. सरंजामी काळातला कब्जाचा शब्द आहे. काहीजण झेडऐवजी एस घालतात, दोन्ही चालतं.

भाडेकरू_नं_१:
आमच्या भाडेपट्ट्यात ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘डिसीज्ड’ करून आणलं. मालक ठणठणीत, जागाच स्वर्गवासी! 😄

जुना_काळाकोट:
😄 डिमाइज म्हणजे तिथे पट्ट्याने देणं. मरणाचा अर्थ त्यातूनच पुढे आला. राजा गेला की राज्य वारसाकडे जायचं ना, ते हस्तांतरण.

गुंठेवारी:
पण खरेदीखतात घर, अंगणं, विहिरी ही यादी हवीच कशाला? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ८ वाचा. वेगळा हेतू दिसत नसेल तर विकणाऱ्याचे त्या मालमत्तेतले सगळे हक्क आपोआप जातात, वहिवाटीचे हक्क आणि जमिनीला जोडलेल्या वस्तूंसकट. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा नीट तपासा. मेस्वेज गाळला तरी घर कुठे जात नाही.

दस्तवाला_सातारा:
कलम ८ साहेबांना दाखवलं तर म्हणतील, तू टायपिंग कर. यादी राहू दे. मेसेज आणि प्रेझेन्सवर पेन्सिलने गोल करून प्रिंट पाठवतो, सही घेतो, मगच पुढे. नोंदणी झाल्यावर कळलं तर चूक दुरुस्ती दस्तासाठी दोन्ही पार्ट्या पुन्हा गोळा करायच्या, आणि यातला विकणारा दुबईला असतो.