मदत हवी आहे: डीएल ८० असूनही दुसरा टप्पा वाचता येत नाही

नमस्कार. रिअल मोडमधला (प्रोसेसर सुरू होताना असतो त्या १६ बिटी अवस्थेतला) छोटा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना पुढचा कोड चढवणारा प्रोग्राम, असेंब्लीत लिहितो आहे. पहिला टप्पा म्हणजे ५१२ बाइटांचा बूट सेक्टर. तो दुसरा टप्पा डिस्कवरून वाचतो आणि तिकडे उडी मारतो.

बायोस (मशीन सुरू होताच चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) पहिला सेक्टर ७सी०० या पत्त्यावर चढवतो, शेवटची ५५ एए ही खूण तपासतो आणि ज्या ड्राइव्हवरून सेक्टर उचलला त्याचा क्रमांक डीएल या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) देतो: फ्लॉपी ०० पासून, हार्ड डिस्क ८० पासून (पत्ते आणि क्रमांक हेक्समध्ये). इथपर्यंत कळलंय.

इम्युलेटरमध्ये फ्लॉपी इमेज म्हणून सगळं सुरळीत चालतं. तीच इमेज पेनड्राइव्हवर उतरवून खऱ्या मशीनवर लावली, की पहिला संदेश उमटतो, सुरुवातीला छापलेला डीएलही ८० दिसतो. पण दुसरा टप्पा वाचताना कॅरी फ्लॅग (कॉल फसल्याची खूण) लागतो आणि एएच रजिस्टरमध्ये ०१ (मागणी अवैध असल्याचा कोड) येतं. पेनड्राइव्ह दोन वेगळे वापरून पाहिले, फरक नाही.

फ्लॉपी असेल तर मी १८ सेक्टर, २ हेड धरून चालतो. डीएल ८० किंवा जास्त असेल तर बायोसच्या डिस्क सेवेचं, म्हणजे इंटरप्ट १३ चं फंक्शन ०८ बोलावून सेक्टर आणि हेड विचारतो, मग फंक्शन ०२ ने वाचतो. वाचण्याआधी डीएलमध्ये सरळ ८० भरून टाकू का? पण मग दुसऱ्या डिस्कवरून बूट केलं तर काय? कृपया मार्गदर्शन करा, इथेच अडलो आहे.

प्रतिसाद

गडबड फंक्शन ०८ मध्ये आहे. ते सीएक्स आणि डीएच या रजिस्टरांमध्ये भूमिती (सिलिंडर, हेड, सेक्टर यांची मांडणी) देतं आणि डीएलमध्ये एकूण हार्ड डिस्कची संख्या ठेवतं. म्हणजे पेनड्राइव्ह आणि आतली डिस्क मिळून डीएल ०२ होतो, आणि पुढचं वाचन तिसऱ्या फ्लॉपीकडे मागितलं जातं. ती नाहीच, म्हणून ०१. इम्युलेटरमध्ये ही वाटच घेतली जात नाही, त्यामुळे तिथे दिसलं नाही.

८० मात्र ठोकून भरू नका. दुसऱ्या लोडरने तुम्हाला दुसऱ्या डिस्कवरून सुरू केलं तर ८१ येईल. सुरुवातीलाच डीएस (डेटाचे पत्ते कुठून मोजायचे ते ठरवणारं रजिस्टर) शून्य करा (बायोस त्यात काय ठेवेल याची खात्री नसते), डीएल मेमरीत जपा आणि प्रत्येक डिस्क कॉलच्या आधी तिथूनच उचला. दुसऱ्या टप्प्यालाही तोच क्रमांक द्या.

आणखी एक, पेनड्राइव्हवर हे फार छळतं: काही बायोस सेक्टरच्या सुरुवातीला फाइल सिस्टिमचा बीपीबी (डिस्कच्या मांडणीची माहिती देणारा तक्ता) आहे असं धरून तिथे स्वतःची मूल्यं लिहितात. सुरुवातीला छोटी उडी आणि मग साधारण ६० बाइट रिकामे ठेवा, नाहीतर तुमचाच कोड पुसला जाईल.

धागाकर्ता

मनापासून आभार! आज बदलतो. यूईएफआयमध्येही (बायोसची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेत) असा क्रमांक मिळतो का?

प्रतिसाद

नाही, तिथे डीएल नाही. लोडर ही फाइल असते. तिच्या लोडेड इमेज प्रोटोकॉलमधलं डिव्हाइस हँडल कोणत्या विभाजनावरून ती आली ते सांगतं. आधी बायोसचं मार्गी लावा. वाचनाच्या अगदी आधीचा डीएल छापून इथे टाका.